दोनशे चौदावी खेप

बाइंडर जेवायला बसला की आधी पाण्याचा घोट घ्यायचा, मग घसा खाकरायचा आणि मग गोष्ट सुरू करायचा. गोष्ट त्याची स्वतःची नसायची, बांधणीला आलेल्या पुस्तकातली असायची. बत्तीस वर्षं तो पुस्तकं बांधत होता आणि हाताखालून गेलेलं एकही पुस्तक त्याने न वाचता परत केलं नव्हतं. खलाशी, खुनी, पळून गेलेल्या राण्या, जुळे भाऊ, सगळे त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन गेले होते. बायको समोर बसून ऐकायची, मान हलवायची आणि त्याच्या ताटात काय संपलंय तिकडे लक्ष ठेवायची.

गोष्ट संपली की तो मोठ्या मनाने म्हणायचा, "हं, आता तू सांग काहीतरी."

"माझ्याकडे काय असणार?"

"तेही खरंच म्हणा. आपल्याकडे घडतंय काय? नळ गळतो. आता नळ गळतो ही काय सांगण्यासारखी गोष्ट आहे?"

एवढं बोलून तो स्वतःच हसायचा. हा विनोद त्याला मनापासून आवडायचा, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी तो व्हायचाच. नळ मात्र खरोखर गळायचा. दुरुस्त केला की चार महिने शहाण्यासारखा वागायचा आणि पुन्हा टप टप सुरू. त्याखाली एक बादली कायमची ठेवलेली होती. भरली की उचलायची, ओतायची, परत ठेवायची. हे काम बायकोचं होतं. असं कुणी ठरवलं होतं, हे विचारायच्या भानगडीत बाइंडर कधी पडला नव्हता.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, कागद कापायचं यंत्र, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, खळीचं पातेलं आणि कोपऱ्यात रद्दीचा ढीग. रद्दी ही त्याच्या धंद्यात फेकायची वस्तू नव्हे. पुस्तकाची पानं शिवून झाली की त्याच्या पाठीवर, वरच्या कापडाच्या आत, कागदाची एक पट्टी चिकटवतात. ती कुणाला दिसत नाही, पण तिच्याशिवाय पाठ उभी राहत नाही. अशा पट्ट्यांसाठी चांगला कागद कोण वापरतो? जुनी कॅलेंडरं, वाया गेलेले छापील फॉर्म, परीक्षेचे तपासलेले पेपर, मिळेल ते कापायचं आणि चिकटवायचं.

हा धंदा त्याला वडिलांनी शिकवला. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "पट्टीचा कागद वाचायचा नाही. रद्दी वाचायला लागलास की हात थांबतो, आणि हात थांबला की खळ सुकते." वडिलांच्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्याने या कानाने ऐकून त्या कानाने सोडल्या, पण ही एक इमानेइतबारे पाळली. पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचायचं आणि पट्टीकडे ढुंकूनही बघायचं नाही.

त्या मंगळवारी वाचनालयाकडून एक जाडजूड कादंबरी आली. कुणा वाचकाने ती आंघोळ करताना वाचायला घेतली होती आणि तिलाही आंघोळ घातली होती. बाइंडरने ती उलटीसुलटी केली आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या कोपऱ्यात बघितलं. तिथे पेन्सिलीने बारीक आकडा होता, २१४. ही त्याची खूण. प्रत्येक खेपेला तो आकडा टाकायचा. दोनशे चौदा म्हणजे अठरा वर्षांपूर्वीची खेप. तेव्हा वाचनालयाची चाळीस पुस्तकं एकदम आली होती.

"अठरा वर्षं टिकलीस, मग बुडालीस," असं पुस्तकाला म्हणत त्याने वरचं कापड सोडवलं आणि पाठीवर ओला फडका ठेवून खळ भिजू दिली. दहा मिनिटांनी पट्टीचं टोक नखाने उचललं. पट्टी सालीसारखी अखंड निघून आली. एका बाजूला कुठल्या तरी फॉर्मचे छापील रकाने होते. ती त्याने टेबलावर टाकली, आणि पडताना ती उलटी पडली.

मागच्या बाजूला बॉलपेनने लिहिलेलं होतं. कागद आडवा धरून लिहिल्यामुळे पट्टी कापूनही ओळी शाबूत होत्या. आठ ओळी. बाइंडर वाचणार नव्हताच. पण अक्षर बघितलं आणि त्याचा हात फडक्यावरच राहिला. र चं शेपूट असं लांब ओढून खाली वळवणारं माणूस त्याला जगात एकच माहीत होतं, आणि ते आत स्वयंपाकघरात भांडी घासत होतं.

त्याने वाचलं.

"बाकावरच बसून राहिला. बॅग मांडीवर. मधूनच तिच्यावर थोपटतो, पुस्तक वाचून संपलं की त्याच्या पाठीवर थोपटतो तसं. मी पेपरवाल्याच्या दुकानामागे खांबाआड उभी. पाय भरून आले, पण हलायची सोय नाही. चार गाड्या सुटल्या. एकीतही चढला नाही. पाच वाजता उठला. डावीकडे फलाट, उजवीकडे घरचा रस्ता. मी मनाशी म्हटलं, हा डावीकडे वळला तर मी"

पुढे कागद कापलेला होता.

बाइंडर मटकन स्टुलावर बसला. ती दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर त्याने दुपारी जेवताना रंगवून सांगितली असती. पण ती बॅग त्याची होती, बाकही त्याचा होता, आणि त्या दिवसाबद्दल तो जगात कुणाजवळ एक अक्षर बोलला नव्हता.

अठरा वर्षांपूर्वी, मुलगी शिकायला परगावी गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात, तो घर सोडून निघाला होता. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. मुलगी गेली आणि घरातला आवाजच गेला. जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसल्यावर त्याला एकदम वाटलं की या बाईशी आता मरेपर्यंत बोलायचं काय? सकाळी बायको "बाजारात जाऊन येते" म्हणून बाहेर पडली. तेवढ्यात त्याने बॅगेत दोन शर्ट, शिलाईची भोकं पाडायचा आपला टोचा आणि कागद मोडायची हाडाची पट्टी घातली आणि दार ओढून घेतलं. ज्या अर्थी टोचा घेतला त्या अर्थी मामला गंभीर होता. लांबच्या शहरात एक मोठा छापखाना होता, तिथे काम मिळालं असतं.

बसस्थानकावर त्याने तिकीटही काढलं. मग दहापासून पाचपर्यंत बाकावर बसून राहिला. पाचला त्याला आठवलं की शिकंज्यात सहा पुस्तकं दाबून ठेवली आहेत, आणि ती तशीच राहिली तर त्यांची पाठ कायमची वाकडी होईल. म्हणून तो उठला आणि घरी आला. बायकोसाठी आला असता तर निदान स्वतःला सांगायला तोंड राहिलं असतं. तो आला होता सहा पुस्तकांसाठी.

घरी आला तर स्वयंपाकघरात पाणीच पाणी. नळाखालची बादली भरून वाहिली होती, पाणी पार कारखान्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आणि बायको पायात चपला तशाच ठेवून फरशी पुसत होती. "बादली उचलता येत नाही का वेळेवर?" तो खेकसला. आपण गुन्हेगार असलो की आवाज चढतो. ती म्हणाली, "राहिली." मग म्हणाली, "कुठे होतात?" तो म्हणाला, "बांधणीचं कापड आणायला गेलो होतो. दुकान बंद होतं." ती म्हणाली, "बरं." झालं. प्रकरण मिटलं असं समजून तो अठरा वर्षं निवांत जेवला होता.

आणि ती खांबाआड उभी होती! ही बाई, जिच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, दिवसभर त्याला बघत उभी होती, घरी येऊन तिने ते लिहून काढलं होतं, आणि त्याने स्वतःच्या हाताने ते कापून, खळ लावून, एका कादंबरीच्या पाठीत गाडून टाकलं होतं.

"चहा ठेवू का?" आतून आवाज आला.

"नको!" तो एवढ्या जोरात ओरडला की ती दारात येऊन बघून गेली. त्याने पट्टीवर कोपर ठेवलं होतं.

विचारावं तर पंचाईत. विचारायचं म्हणजे आधी आपण पळालो होतो हे कबूल करायचं, आणि वर तुझं लिहिलेलं कापलं हेही. आणि न विचारावं तर ते अर्धं वाक्य घशात हाडासारखं अडकलेलं. हा डावीकडे वळला तर मी, काय? हाक मारली असती? पोलिसात गेली असती? की घरी जाऊन दाराला आतून कडी लावली असती? बाइंडरने आयुष्यात कुठलीही गोष्ट शेवटचं पान वाचल्याशिवाय सोडली नव्हती. आणि ही तर त्याचीच.

कागद कुठून आला ते त्याला रात्रीपर्यंत आठवलं. कुठल्याशा कचेरीने चुकीचे छापलेले फॉर्म त्याला रद्दी म्हणून दिले होते. एका बाजूने कोरे. त्यातला एक गठ्ठा त्याने घरात आणून टाकला होता, याद्या करायला, मुलीला चित्रं काढायला. दोनशे चौदाव्या खेपेच्या वेळी रद्दी कमी पडली तेव्हा तो आत गेला, खण उघडला, छापील रकाने वर दिसले, आपलीच रद्दी म्हणून गठ्ठा उचलला आणि तसाच यंत्राखाली घातला. उलटून बघायचा प्रश्नच नव्हता. वडिलांचा नियम.

म्हणजे पुढची पट्टी त्या चाळीस पुस्तकांपैकी कुठल्या तरी पुस्तकात होती.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच तो पायरीवर उभा होता. ग्रंथपालबाई किल्ल्या खुळखुळवत आल्या. बाई जाडजूड, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि जीभ धारेची.

"तुम्ही? इतक्या सकाळी? कुणाचं पुस्तक फाटलं?"

"फाटलं नाही," बाइंडर म्हणाला. "पण फाटेल. अठरा वर्षांपूर्वीची एक खेप आहे माझी. तिच्या खळीत खोट होती. कीड लागेल. पुस्तकं परत न्यावी लागतील."

बत्तीस वर्षांत तो स्वतःच्या खळीबद्दल वावगा शब्द पहिल्यांदाच बोलला. बोलताना त्याला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुमच्या खळीत खोट? अहो, तुमची बांधणी म्हणजे वाचणारे फाटतात, पुस्तक फाटत नाही. आणि खोट आठवली ती अठरा वर्षांनी?"

"आठवली."

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी काय होणार? आमच्याकडे काही घडत नाही," तो म्हणाला, आणि जीभ चावली.

दुपारपर्यंत त्याने कपाटं पालथी घातली. पुस्तक काढायचं, मागचा पुठ्ठा उघडायचा, कोपऱ्यातला आकडा बघायचा. चाळीसपैकी बावीस मिळाली. उरलेल्यांतली काही वाचकांकडे होती, काही हरवली होती, काहींचा बाईंनाही पत्ता नव्हता. बावीस पुस्तकं हातगाडीवर घालून तो घरी आला आणि कारखान्याचं दार लावून बसला.

आणि मग जे झालं ते बघवणारं नव्हतं. एकेका पुस्तकाची पाठ ताठ, शिलाई घट्ट, कापड बोटभरही सुटलेलं नाही. अशी पुस्तकं त्याने सुरीने चिरली. पहिल्या चारांत कॅलेंडर निघालं. पाचव्यात कुणाचा तरी भूगोलाचा पेपर, शंभरपैकी अकरा. सहाव्यात तिचं अक्षर.

बसस्थानक नव्हतं. वरच्या मजल्यावर तेव्हा एक चित्रकलेच्या शिक्षिका राहायच्या, एकट्या, त्यांच्याबद्दल होतं. "बाई आज पुन्हा स्क्रू ड्रायव्हर मागायला आल्या. काल परत केला, आज पुन्हा नेला. त्यांच्या घरात घट्ट करायला एकही स्क्रू उरला नसेल. दार ठोठावायला काहीतरी कारण लागतं माणसाला. मी आता स्क्रू ड्रायव्हर दाराजवळच ठेवते, आणि शोधायला मुद्दाम वेळ लावते."

ती बाई बाइंडरला चांगली आठवत होती. "ही हत्यार का विकत घेत नाही?" असं त्याने दहा वेळा म्हटलं होतं. यात एक गोष्ट आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तीन खून पचवलेला खलाशी त्याला दोन पानांत कळायचा, आणि दारातली बाई दोन वर्षांत कळली नव्हती.

आठव्या पुस्तकात समोरच्या औषधवाल्याबद्दल होतं. तो गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधी "नाही" का म्हणतो, त्याची हकीकत. दहाव्यात मुलगी गेली त्या सकाळी तिने उशीवर ठेवलेल्या केसांच्या पिनेबद्दल. तेराव्यात फक्त दोन ओळी होत्या. "पुस्तक संपलं की हा त्याच्या पाठीवर थोपटतो. मुलीला झोपवताना त्याने कधी असं थोपटलेलं मला आठवत नाही. विचारलं तर म्हणेल, पुस्तक रडत नाही."

हे त्याने नक्की म्हटलं असतं. याच शब्दांत म्हटलं असतं. बाइंडरने पट्टी पालथी घातली आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. समोर औषधवाला कुणाला तरी "नाही" म्हणत होता.

सतराव्या पुस्तकात ती पट्टी निघाली. शेवटाची नव्हे, आधीची.

"माझी गाडी साडेदहाची होती. तिकीट मुठीत, पिशवी पायाशी. पिशवीत तीन साड्या आणि मुलीचा फोटो. चिठ्ठी ठेवली नव्हती, काय लिहिणार? एवढ्यात समोरच्या दारातून हाच आत आला. म्हटलं, मला शोधत आला. याला कळलं कसं? मी खांबाआड झाले. बघते तर हा कुणाला शोधतच नव्हता. हातात बॅग होती. हा रांगेत उभा राहून तिकीट काढत होता."

बाइंडरने सुरी खाली ठेवली. त्याने ते पुन्हा वाचलं. मग उभा राहून वाचलं. अक्षर तेच होतं आणि मजकूरही तोच.

ती त्याच्या मागे गेली नव्हती. ती त्याच्या आधी तिथे होती.

बाजारात जाते म्हणून सांगून ती गेली होती ती कायमचीच. त्या सकाळी त्या घरातून दोन माणसं पळाली होती, अर्ध्या तासाच्या अंतराने, आणि बादली उचलायला मागे कुणीही नव्हतं. म्हणून तर घर पाण्याने भरलं! ती बादली भरायला दीड तास लागतो. पाणी उंबऱ्यापर्यंत यायचं म्हणजे घरात दिवसभर माणूस नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि चपला. घरात फरशी पुसणारी बाई चपला कशाला घालेल? ती नुकती, त्याच्या आधी पाच मिनिटं, मागच्या गल्लीने धावत आली होती. चाळिसाव्या पानावर खुनी ओळखणाऱ्या या गृहस्थाला हे सगळं समोर दिसत होतं, आणि तो त्या पाण्यात उभा राहून तिच्यावर खेकसला होता.

उरलेल्या पाच पुस्तकांत त्याला शेवट मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला. पाण्याचा घोट घेतला. घसा खाकरला. आणि गप्प बसला.

बायकोने दोनदा वर बघितलं. "आज गोष्ट नाही?"

बाइंडरने खिशातून एका पुठ्ठ्यात जपून ठेवलेल्या पट्ट्या काढल्या आणि तिच्या ताटाशेजारी मांडल्या. अकरा होत्या. त्यांतल्या बसस्थानकाबद्दलच्या दोन सगळ्यांत वर ठेवल्या. तिने आधी हात पुसले. मग एक उचलली, डोळ्यांपासून लांब धरून बघितली आणि हळूच खाली ठेवली.

"आता का काढलंत हे?" ती म्हणाली.

"मला काल-परवा कळलं. एक पुस्तक भिजून आलं, त्यात…"

"काल-परवा?" तिने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो खुर्चीत मागे सरकला. "तुम्ही तेव्हा वाचलं नव्हतं?"

"कधी?"

"कापलंत तेव्हा."

"नाही गं! रकाने वर होते. मला वाटलं माझीच रद्दी. मी पट्टीचा कागद वाचत नाही, तुला माहीत आहे. वाचलं असतं तर कापलं असतं का मी?"

नळ गळत होता, बादलीत थेंब पडत होते, आणि बाइंडरला ते एकेक ऐकू येत होते.

"मी खण उघडला तर रिकामा," ती शेवटी म्हणाली. "कारखान्यात आले. चाळीस पुस्तकं ओळीने उभी होती, कितीतरींच्या पाठीवर माझे कागद, आणि खाली पडलेल्या कात्रणांवर माझं अक्षर. तुकडे तुकडे. तुम्ही वरून ब्रशने खळ लावत होतात. शीळ घालत होतात. मला वाटलं, यांनी सगळं वाचलं. मी पळाले होते तेही, तुम्ही पळाला होतात तेही. आणि हे यांचं उत्तर."

"उत्तर?"

"माझं लिहिणं कापून, चिकटवून, वरून शीळ घालणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं असेल? मी दारात उभी होते. तुम्ही वर बघितलंत आणि म्हणालात, चहा टाकतेस का?"

"मग?"

"मग मी चहा टाकला."

अठरा वर्षं ही बाई रोज बाइंडरसमोर बसून खलाशी आणि राण्या ऐकत होती, आणि तिच्या लेखी तो तिची गोष्ट वाचून, फाडून, वर रोज तिलाच विचारणारा माणूस होता, "आता तू सांग काहीतरी." त्याला त्या वाक्याचीच शिसारी आली.

"पण विचारायचंस ना मला," तो कसाबसा म्हणाला.

"काय विचारायचं? मी निघून गेले होते ते कळलं का, असं?" ती म्हणाली. "तुम्ही तरी कुठे विचारलंत? मी चपला घालून फरशी पुसत होते."

मग तिने विचारलं, "तुम्ही परत का आलात?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. बाइंडरने ती सोडली. "शिकंज्यात सहा पुस्तकं होती."

ती हसली. अगदी थोडं, पण हसली. "वाटलंच होतं मला."

"आणि मी डावीकडे वळलो असतो तर? तू काय करणार होतीस?" त्याने पट्टी तिच्यासमोर सरकवली. "इथे तुटलंय. पुढचं सापडत नाही. सांग ना."

तिने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. कपाळाला आठ्या घालून खिडकीकडे बघितलं, ओठ हलवून बघितले. बाइंडर जिवाचा कान करून बसला होता.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"असं कसं आठवत नाही?"

"लिहून ठेवलं होतं ना. म्हणून लक्षात नाही ठेवलं."

बाइंडर ताडकन उठला. "सतरा पुस्तकं राहिली आहेत. वाचकांची घरं शोधतो. एकेकाच्या दारात जातो. फाडून काढतो सगळी…"

"बसा," ती म्हणाली. "लोक वाचतायत ती. आणि जेवण निवतंय."

तो बसला. तिने पट्ट्या एकावर एक ठेवल्या, त्यांच्या कडा जुळवल्या आणि त्यांवर पेला ठेवला, उडू नयेत म्हणून.

"शेवट गेला," ती म्हणाली. "सुरुवात आठवते. सांगू?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न त्या टेबलाशी तिने पहिल्यांदाच विचारला होता. बाइंडरने नुसती मान हलवली.

"त्या दिवशी सकाळी मी नळाखाली बादली ठेवत होते, आणि मला त्या थेंबांबद्दल तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. मुलगी गेल्यापासून मला ते कसे ऐकू येतात, ते. तुम्ही चहा पीत होतात. मी सांगायला सुरुवात केली, आणि तुम्ही मध्येच एक वाक्य बोललात आणि हसलात. मी पिशवी भरली ती त्यानंतर." तिने त्याच्याकडे बघितलं. "काय बोललात ते, आठवतंय?"

त्याला आठवावं लागलं नाही. नळाचं ते वाक्य तो गेल्या सोमवारीही बोलला होता, याच खुर्चीत, आणि हसलाही होता.